मटण सोडल्यावर रश्शाचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

रामकृष्णहरी माउली,

तुमचा राग समजला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: आषाढीला तुळशीची माळ घातली, मटण सुटलं, मग सोयाचे गोळे मटणासारखे शिजवून खाणं ही मनाची फसवणूक आहे. वर, मटणाच्या शाकाहारी पर्यायांवरच्या मागच्या लेखात दिल्याप्रमाणे केलं तर सोयाला उग्र वास आला, रस्सा पाणचट झाला, आणि फणसाचं केलं त्या दिवशी तासाभरात पुन्हा भूक लागली. शेवटचा मुद्दा रविवारचा. घरात बाकीच्यांचं मटण शिजत असतं तेव्हा माळकऱ्यानं काय करायचं, यावर लेखात एक ओळ नाही.

पहिल्या मुद्द्यातला अर्धा भाग मान्य. पीसची नक्कल करू नये. लेखात सोया पहिल्या नंबरावर ठेवला, तिथंच चुकलं. बोकडाच्या मटणाचा जो खास वास असतो तो चरबीत असतो आणि तो कुठल्याही भाजीतून, डाळीतून येत नाही. नळी नाही, चरबी नाही, दाताखाली सुटणारा धागा नाही. मटणाची आठवण ठेवून सोया चावलं की जीभ लगेच तुलना करते आणि ओढ आणखी वाढते.

पण रश्शाचं तसं नाही. कोल्हापुरी तांबड्या रश्शातून मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, काढा, उरतं काय? भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला. सगळं शाकाहारीच. जवळजवळ हेच वाटण अख्ख्या मसुरात जातं, वांग्याच्या रश्शात जातं. ते खाल्लं म्हणून फसवणूक होत नाही. बहुतेकांना मटणाची म्हणून जी ओढ लागते, तिच्यात या वाटणाची ओढ मोठी असते. म्हणून पीस सोडा, रस्सा ठेवा.

आता अळणी गेल्यावर रश्शातून नेमकं काय जातं ते बघू, कारण तुमचा रस्सा पाणचट होण्याचं उत्तर तिथंच आहे. एक, चरबी जाते. दोन, हाडातून उतरणारा चिकटपणा जातो, ज्यानं ओठ हलके चिकटतात. तीन, मांसाची खोल चव जाते. या तिन्ही गोष्टी एकट्या सोयाकडून मागितल्या तर त्याला झेपत नाही. तिघींची सोय वेगवेगळी करावी लागते.

चार माणसांचं माप देतो. २०० ग्रॅम काळे हरभरे रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी टाकून द्या आणि ८ वाट्या नवं पाणी, अर्धा चमचा हळद, मीठ, एक उभा चिरलेला कांदा आणि एक पिकलेला टोमॅटो घालून कुकरला मध्यम आचेवर ६ शिट्ट्या करा. वरचा कट साधारण ६ वाट्या निघतो, तीच तुमची अळणी. दोन मोठे चमचे शिजलेले हरभरे त्याच कटात अगदी बारीक वाटून परत मिसळा. हाडांच्या चिकटपणाची जागा हे वाटलेले हरभरे आणि खसखस मिळून घेतात. खोल चवीसाठी अळंबी. साधी ताजी अळंबी २०० ग्रॅम घ्या, तेल न घालता लोखंडी तव्यावर पसरा आणि पाणी सुटून आटेपर्यंत, कडा तांबूस होईपर्यंत परता. आधीच मीठ घातलं तर ती स्वतःच्या पाण्यातच उकडते आणि रंग धरत नाही. वाळवलेली शिताके मिळाली तर ५-६ नग रात्रभर गार पाण्यात भिजवा आणि ते पाणी गाळून कटात घाला. अळंबी चालत नसेल तर टोमॅटो दोन करा आणि ते चांगले आटवा.

वाटणाला दोन मोठे कांदे सालासकट थेट जाळावर भाजा. वरची साल काळी आणि आतला कांदा मऊ, दमट झाला पाहिजे. ५० ग्रॅम सुकं खोबरं, दोन मोठे चमचे तीळ, एक मोठा चमचा खसखस हे सगळं वेगवेगळं भाजा. एकत्र भाजलं तर खसखस जळते तोवर खोबरं पांढरंच राहतं. (दुबईकरांनी खसखस सोबत नेऊ नये, संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. तिथं मगज आणि काजू वापरा.) १२ पाकळ्या लसूण, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर घालून गंधासारखं वाटा.

तेलाच्या बाबतीत हात आखडू नका. मटणाची चरबी नाही, ती भर तेलानंच निघते. चार माणसांना ५ मोठे चमचे. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तेल कमी घातलं की वर तर्री येत नाही आणि रस्सा विटकरी दिसतो. वाटण मंद आचेवर १२-१५ मिनिटं परता. आधी ते तेल पिऊन बसतं, मग भांड्याला धरायला लागतं, आणि शेवटी कडेनं तेल सोडतं. धरायला लागलं की घाबरून पाणी ओतायचं नाही, एक चमचा कट घालून खरवडत राहायचं. तेल सुटलं की गॅस बंद करा आणि मगच अडीच चमचे कांदा-लसूण मसाला आणि एक चमचा ब्याडगीची पूड घाला. चालू आचेवर पूड जळून कडू होते. त्यावर कट ओता, पण उकळता. गार ओतला तर तेल आणि रस्सा फारकत घेतात. मग उरलेले हरभरे आणि परतलेली अळंबी घालून बारीक आचेवर २५ मिनिटं.

सोया घालायचंच असेल तर वासाचं कारण समजून घ्या. सोयाबीन दळलं जातं तेव्हाच त्यातल्या स्निग्धांशातून तो हिरवट वास तयार होतो. मसाल्यानं तो झाकत नाही, पाण्यानं काढावा लागतो. ६० ग्रॅम वड्या खारट पाण्यात ५ मिनिटं उकळा, गाळा, गार पाण्यात टाका. एकेक वडी दोन तळहातांत दाबून बघा: पहिल्यांदा पिवळसर, फेसाळ पाणी येतं. पुन्हा गार पाण्यात, पुन्हा दाबा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा, साधारण तीन वेळा. बहुतेकजण एकदाच उकळून थेट रश्शात टाकतात. कोरडी वडी वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी पिते. ते न पिळता रश्शात गेलं की वासही उतरतो आणि रस्साही पातळ होतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ हे एकच असणार. पिळलेल्या वड्यांना आलं-लसूण-हळद लावा, तेलात कडा तांबूस करा आणि शेवटच्या १० मिनिटांत रश्शात सोडा.

फणसाबद्दल तुमची तक्रार शंभर टक्के खरी. कोवळ्या फणसात प्रथिनं फारच थोडी. पोट भरल्यासारखं वाटतं, टिकत नाही. कच्च्या मटणात १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात. वरच्या मापात माणशी ५० ग्रॅम हरभरे येतात, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरी आणि वाटीभर दही जोडलं की २० ग्रॅमच्या पुढे जातं. फणस करायचा तर भाजी म्हणून करा, हरभऱ्यांच्या सोबत.

जेवणाबरोबर चहा घेऊ नका, भाकरीवर लिंबू पिळा. डाळी-धान्यातलं लोह त्यानं जास्त शोषलं जातं. आणि बी-१२ कडे दुर्लक्ष नको. ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही. दूध-दही आहे तोवर थोडं मिळतं, पण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी कमी शोषलं जातं. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या. पूरक घ्यावं लागलं तर गोळी मागा, कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं.

हॉटेलात एक सावधगिरी. 'पीस नको, नुसता रस्सा द्या' म्हटलं तरी तो रस्सा अळणीवरच केलेला असतो. शाकाहारी तांबडा वेगळ्या भांड्यात होतो का, हे आधी विचारा.

आता रविवार. त्या दिवशी तुमच्या ताटात वरण-भात आणि बाकीच्यांच्या ताटात तांबडा, असं करू नका. जेवायची वेळ तीच, भाकरी तीच, कांदा-लिंबू तेच ठेवा. वाटण घरात एकच करा, दुप्पट मापाचं. परतून तेल सुटलं की अळणी पडायच्या आधी निम्मं वाटण दुसऱ्या पातेल्यात काढा, त्यात मसाला आणि हरभऱ्यांचा कट घाला आणि त्या पातेल्याला स्वतःचा डाव ठेवा. तुमचं पातेलं आधी चढवा. अळणीचा वास घरात पसरेपर्यंत तुमचा रस्सा उकळत असला पाहिजे, आणि पहिली वाटी तुमची भरली पाहिजे. एकादशीला अर्थातच हे काही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर खोबरं ७५ ग्रॅम करा, कांदा-लसूण मसाल्याऐवजी साधी मिरची पूड आणि गरम मसाला वापरा, पाव चमचा हिंग आणि दोन पाकळ्या दगडफूल तेलात घाला, आणि शेवटी पेटता कोळसा वाटीत घालून पातेल्यात ठेवा, त्यावर तूप सोडा आणि पातेल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा.