चाळिशीनंतर वजन उचलू नये म्हणे!

आमच्या भिशीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तिघींनी टाकला. "चाळिशीनंतर स्त्रीने वजन उचलू नये, अंग खाली येतं. नुसतं चालावं. केस गळत असतील तर लोखंडी कढईत तेल कढवून त्यात कांद्याचा रस घालून लावावा, २१ दिवसांत गळती बंद." खाली जोडलेले हात.

आधी अंग खाली येण्याचं. ही भीती अगदीच पोकळ नाही. पण गर्भाशय खाली सरकतं ते मुख्यतः बाळंतपणांत सैल पडलेल्या ओटीपोटाच्या स्नायूंमुळे. पाळी गेल्यावरचे बदल, जुना खोकला, बद्धकोष्ठ यांची त्यात भर पडते. खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवूनच व्यायामाला लागा. श्वास कोंडून वजन तर कुणीच उचलू नये. पण दोन किलोच्या डंबेलला घाबरायचं? मेसेज टाकणाऱ्यांतली एक भरलेला सिलिंडर दारापासून ओट्यापर्यंत स्वतः नेते. आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, म्हणजे तीसेक किलो, तेही कमरेतून वाकून! त्यावर मात्र फॉरवर्ड नाही.

"नुसतं चालावं." चाला की, हृदयाला उत्तम. पण पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर विरळ होतात, स्नायू तर त्याआधीच आटू लागलेले असतात. त्यांना ताण हवा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असं वेगवेगळं सांगितलंय. जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, भिंतीला हात लावून दंड मारा. माझी आई न्हाणीघरात घसरली नि मनगट मोडलं, तेव्हा ती रोज पाऊण तास चालतच होती.

"पुरुषासारखे दंड होतील" हे एका वहिनींनी खाली जोडलं. वहिनी, त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, आपल्यात फार थोडं असतं.

आता केस. कांद्याच्या रसाचा २००२चा बगदादचा एक छोटा प्रयोग आहे, पण तो चाईवर, डोक्यात गोल चकत्या पडतात त्यावर. फणीत पुंजके येणं वेगळं. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात. जास्त जात असतील तर दोन-तीन महिने मागचं आठवा: डेंग्यू, ऑपरेशन, कडक डाएट? तो धक्का केसांत आत्ता दिसतो, बरेचदा आपोआप ओसरतो, आणि श्रेय कांदा घेऊन जातो. तसं काही घडलं नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासा. चाळिशीत अनेकींच्या पाळीत रक्त जास्त जातं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. भांग रुंदावत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. खोबरेल लावा, केस कमी तुटतात. पण कढईतलं लोह टाळूतून रक्तात उतरत नाही.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, "त्या कढईत पालक परता, थोडं लोह पोटात तरी जाईल." उत्तरादाखल पुन्हा जोडलेले हात आले.