गाणं लॉस एंजेलिसचं, नदी बॉस्टनची

शिऱ्या चार वर्षं बॉस्टनमध्ये राहून आला, पण कट्ट्यावर बसल्या बसल्या त्याच्या तोंडून ना हार्वर्ड निघालं ना एमआयटी. त्याने मोबाइलवर एक गाणं लावलं. गिटारची एकच खरखरीत सुरावट फिरून फिरून येते आणि बाबा गातोय की कुणाशी भांडतोय, काही कळत नाही.

"द स्टँडेल्स या बँडचं 'डर्टी वॉटर'. बॉस्टनचं राष्ट्रगीतच समज."

"शब्द काय आहेत?" मंद्या.

"चार्ल्स नदीच्या काठावर प्रेमिकं, लुटारू, चोर असे सगळे भेटतात आणि सगळे झकास आहेत. पाणी घाण आहे, पण मला आवडतं, कारण हे माझं गाव."

"मुठेवर असं गाणं करून बघ. दुसऱ्या दिवशी निषेधाची निवेदनं येतील."

"येऊ देत. आपली नदी आपण नाही हिणवायची तर कोणी?"

मंद्याला हेच हवं होतं. "पण हिणवणारे कुठे बॉस्टनचे होते? वाचलंय मी. पोरं लॉस एंजेलिसची. रेकॉर्डिंग केलं तेव्हा त्यांनी बॉस्टन पाहिलंही नव्हतं म्हणतात. लिहिलं त्यांच्या निर्मात्याने, एड कॉबने. तिथे गेला असताना त्याला कुणीतरी लुटायला आलं, असा किस्सा सांगतात. म्हणजे पाहुण्याने रागाने केलेली टिंगल, आणि गावाने ती कपाळाला लावली!"

"अरे, टिंगल खरी होती ना! नदी खरंच घाण होती. खोटं कौतुक केलं असतं तर 1966 मध्येच विसरले असते." हे मी म्हणालो, आणि माझं मत अजून तेच आहे. तेव्हा ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अकराव्या नंबरापर्यंत चढलं होतं. त्या काळी घरच्या गॅरेजमध्ये तालमी करणाऱ्या पोरांचे असे किती बँड होते, त्यातले बरेचसे एका गाण्यापुरते चमकून गेले.

वर्षा इतका वेळ गप्प होती. "त्यात बायकांबद्दलही काहीतरी आहे ना?"

शिऱ्या जरा चाचरला. "हो. बाराच्या आत खोलीवर परतावं लागणाऱ्या वैतागलेल्या मुली. कॉलेजच्या हॉस्टेलचे नियम होते तेव्हा तसे."

"बारा? आमच्या हॉस्टेलचं गेट आठला बंद व्हायचं. आठ वाजून पाच मिनिटं झाली की रेक्टरबाईंसमोर रजिस्टरवर सही, कारणासकट. माझ्या कारणांची वहीच भरली असती. आम्हाला कुणी गाणं नाही केलं."

"शेवटी शेवटी तो गाणारा बॉस्टन स्ट्रँगलर या खुन्याचंही नाव घेतो," मंद्या म्हणाला. "गाण्याच्या दोन वर्षं आधीपर्यंत शहरात बायकांचे खून पडत होते. आणि हे म्हणे अभिमानगीत!"

यावर शिऱ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. चहा आला.

मग शिऱ्या फेनवे पार्कवर, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या मैदानावर घसरला. "बॉस्टनचा संघ रेड सॉक्स. ते घरच्या मैदानावर जिंकले की शेवटचा गडी बाद झाल्या झाल्या हेच वाजतं, 1997 पासून. जिन्यावरून उतरणारे लोक तिथेच थांबतात, ओरडतात, पुन्हा उतरायला लागतात. हरले तर नाही वाजवत."

"पण तिथे नील डायमंडचं 'स्वीट कॅरोलाइन'ही म्हणतात ना?"

"ते आठव्या इनिंगमध्ये, जिंका नाहीतर हरा. त्यात बॉस्टनचा ब्रही नाही. हे मात्र जिंकून मिळवावं लागतं. 2004 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीत, खुद्द स्टँडेल्सना फेनवेवर बोलावून वाजवून घेतलं. त्याच वर्षी 86 वर्षांनी कप आला."

"बरं, नदी अजून तशीच?" वर्षा.

"छे. 1995 मध्ये सरकारी पर्यावरण संस्थेने तिला 'डी' दिला होता, काठावर पास. मग सांडपाण्याच्या नळांमागे हात धुऊन लागले. 2013 मध्ये पन्नासेक वर्षांनी लोकांना उघडपणे पोहायला सोडलं."

"संपलं मग तुझं राष्ट्रगीत," मंद्या.

"नाही ना! धक्क्यावरून थेट खोल पाण्यात उतरायचं आणि तळाला पाय लावायचा नाही. वरचं पाणी सुधारलं, खालचा गाळ अजून विषारीच आहे."

मंद्याने कप खाली ठेवला. "लाव रे ते गाणं परत."