गॅरेज पुरे, बिलाचं बोला

स्टार्टअपवरच्या कुठल्याही कार्यशाळेला जा, बड्या कंपन्या जिथं सुरू झाल्या म्हणतात ते अमेरिकेतलं गॅरेज येतंच. अहो, पुण्यात स्वतःचं गॅरेज असलेला माणूस आधीच कोट्यधीश असतो! मग ‘पॅशन’, मग ‘नोकरी सोडा, उडी मारा’. सांगणाऱ्याचं पोट मात्र कार्यशाळेच्या फीवर.

कामाचं विचारा, की टाळाटाळ. मोठ्या ग्राहकाला डिसेंबरात सेवेचं बिल दिलं, तर दरमहा रिटर्न भरणाऱ्यानं त्यावरचा १८ टक्के जीएसटी २० जानेवारीपर्यंत भरायचा, पैसे आलेले असोत-नसोत. ते येतात होळीनंतर, तेही टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लिहिलंय, सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करा, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ! पण त्यासाठी आधी ‘उद्यम’ ही लघुउद्योगाची सरकारी नोंदणी करून ठेवा, हे एका तरी वक्त्यानं सांगावं ना? हात वर करून विचारलं, तर उत्तर काय? “ते सीए बघून घेईल.”

आणि कायदा कळला तरी एकुलत्या एका ग्राहकाला व्याजाची नोटीस धाडायची कशी? त्यांच्या अकाउंट्समधून थंडपणे सांगतात, “साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात बघू.” यावर घ्या की एक तास! तर नाही. शेवटी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावतात, आणि पुढच्या बॅचला ‘अर्ली बर्ड’ सवलत.