चित्रं म्हणजे नुसती सजावट नव्हे
हॉटेलातली चित्रं म्हणजे भिंत भरायचं सामान, हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मागच्या महिन्यात आईला घेऊन मुंबईच्या फोर्टातल्या एका छोट्या हॉटेलात राहिले होते. जिन्यापासून खोलीपर्यंत चित्रंच चित्रं. १९५२ पासून काळा घोड्याला उभ्या असलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट, तरी आई संकोचाने कधी आत गेली नाही. इथे मात्र पहाटे चहाचा कप घेऊन एका तैलचित्रासमोर अर्धा तास बसली. रंगाचे जाड थर जवळून पाहत म्हणाली, "अगं, या निळ्याखाली हिरवं आहे!" फक्त चित्राखाली चित्रकाराचं नाव नव्हतं, ते मनाला लागलं. हॉटेलवाल्यांनो, तेवढं तरी लावाच.