गिझरची कॉइल 2000 वॉटचीच आहे, पण 19 व्होल्ट वाटेत जातायत: रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. 2000 वॉटच्या कॉइलचे पैसे घेऊन 1800 ची बसवली, असं तुमचं म्हणणं. आधार असा: गिझर बंद असताना सॉकेटवर 228 व्होल्ट, चालू केल्यावर क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरवर) 7.9 अँपिअर, गुणाकार 1801. शिवाय 25 लिटर पाणी तापायला अर्ध्या तासाऐवजी 37 मिनिटं. आकडे दिलेत ते फार बरं झालं, कारण त्यातून कॉइलपेक्षा गंभीर गोष्ट दिसतेय. म्हणून हिशेबाच्या आधी एक विनंती: पुढे सांगितलेली तपासणी होईपर्यंत गिझर लावू नका.

तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यातले दोन आकडे एका वेळचे नाहीत. करंट लोड चालू असतानाचा, व्होल्टेज लोड नसतानाचं. वॉट काढायचे तर दोन्ही एकाच क्षणी आणि कॉइलच्या टोकांशी घ्यावे लागतात.

कॉइलचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओममध्ये) मात्र फारसा बदलत नाही, म्हणून आम्ही बसवण्याआधी तोच मोजतो. वायर काढून, दोन्ही टर्मिनल मोकळी ठेवून, मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवल्यावर येणारा आकडा वजा करून. तुमच्या जॉब कार्डवर 26.5 ओम लिहिलेत. कॉइलचे छापील वॉट 230 व्होल्टला धरलेले असतात, म्हणून 230 चा वर्ग भागिले 2000 केलं की 26.45 येतात. 1800 वॉटची कॉइल असती तर 29.4 ओम दिसले असते. (गरम करणाऱ्या उपकरणांना छापील वॉटच्या 10 टक्के कमी ते 5 टक्के जास्त अशी मुभा असते, त्यामुळे 1800 सुद्धा नियमात बसलं असतं. पण त्या मुभेआड आम्हाला लपायचं नाही.)

आता 26.5 ओममधून 7.9 अँपिअर जातायत, म्हणजे कॉइलला 209 व्होल्टच मिळतायत. 209 गुणिले 7.9 म्हणजे 1651 वॉट. व्होल्टेज 230 पेक्षा 9 टक्के कमी झालं की करंटही तेवढाच उतरतो, म्हणून पॉवर 17 टक्क्यांनी घसरते. 25 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला 2000 वॉटला साधारण साडेतीस मिनिटं लागतात, 1800 ला 34 आणि 1650 ला 37. तुमची वेळ याच्याशी जुळते, पण टाकीतून उष्णता बाहेर जातेच, त्यामुळे निव्वळ वेळेवर निकाल देऊ नये.

मग 228 आणि 209 मधले 19 व्होल्ट गेले कुठे? तापल्यावर कॉइलचा रेझिस्टन्स दोन टक्के वाढतो असं धरलं तरी 14-15 व्होल्टची तूट उरतेच. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर असेल, डीबीपासून (घरातल्या मेन स्विचच्या पेटीपासून) गिझरपर्यंत 15 मीटर, तर जाऊन-येऊन 30 मीटरचे 0.36 ओम होतात. त्यात 3 व्होल्ट जातील, जास्त नाही. उरलेले एखाद्या सैल जोडात जातायत नाहीतर मीटरच्या आधीच पडतायत. 19 गुणिले 7.9 म्हणजे जास्तीत जास्त 150 वॉट. सोल्डरिंगचं आयर्न 25 वॉटचं असतं आणि तेवढ्यावर कथील वितळतं. यातली बरीचशी उष्णता एका टॉपमध्ये (तीन पिनांच्या प्लगमध्ये) किंवा माळ्यावरच्या कनेक्टरमध्ये साठत असेल तर प्लॅस्टिक जळतं. एमसीबी (करंट वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडणार नाही, कारण करंट वाढलेला नाही, उलट कमी झालाय.

दोष कुठल्या बाजूला आहे ते वायरला हात न लावता कळतं. त्यासाठी गिझर एकच मिनिट लावायला हरकत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसकट, आणि मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला 3200 पल्स छापलेले असतील तर 1800 वॉटला मिनिटात 96 पल्स येतील, 1650 ला 88. छापील आकडा 1600 असेल तर याच्या निम्मे. 88 च्या आसपास आले तर तूट मीटरच्या आधी, सोसायटीच्या मीटर रूममध्ये किंवा त्याही मागे आहे. 96 आले तर मीटर पूर्ण वीज मोजतंय आणि त्यातली काही वाटेत जळतेय, किंवा कॉइलबद्दलचा तुमचा संशय खरा आहे. कॉइलच्या टोकांशी चालू लोडवर व्होल्टेज घेतलं की या दोन्हींचा निवाडा होतो. ते मात्र तुम्ही करू नका. कव्हर उघडून जिवंत टर्मिनलवर प्रोब लावायचं काम बाथरूममध्ये जोखमीचं आहे.

एवढं मात्र घरी बघा: गिझरचा एमसीबी पाडा, टॉप बाहेर काढा. पिना काळवंडल्यात का, सॉकेटची भोकं पिवळी पडलीत का? नेरूळमध्ये सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गिझरचा पॉइंट बऱ्याचदा मागाहून दुसऱ्या पॉइंटवरून ओढलेला असतो, आणि पिळून टेप मारलेला जोड माळ्यावर सापडतो. माझा पहिला संशय तिथेच आहे.

एक खबरदारी: व्होल्ट गुणिले अँपिअर हा हिशेब गिझर, इस्त्री, कॉइलची शेगडी अशा नुसत्या तापणाऱ्या उपकरणांनाच चालतो. फ्रिज आणि एसीला पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला किती हिस्सा खरोखर कामी येतो ते) धरावा लागतो. जुन्या पिवळ्या बल्बवर थंड रेझिस्टन्सची रीतही चालत नाही, कारण 100 वॉटचा बल्ब पेटल्यावर 529 ओमचा होतो आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी दाखवतो.

आमचा माणूस तुमच्या सोयीच्या वेळी येईल, व्हिजिट चार्ज नाही. कॉइल तुमच्यासमोर मोकळी करून तुमच्याच मीटरने मोजू. 26.5 च्या आसपास आली नाही तर पूर्ण पैसे परत आणि नवी कॉइल मोफत. आली, तर तेव्हाच डीबीवर, सॉकेटवर आणि गिझरवर चालू लोडचं व्होल्टेज घेऊन सैल जोड कुठे आहे ते दाखवू. तो जोड तुम्ही कुणाकडूनही दुरुस्त करून घ्या, फक्त गिझरसाठी डीबीपासून थेट अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी लाईन मागा.