सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी
१२ मे, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा वाढदिवस, त्या निमित्तानं नर्सेसवरचा एक लेख वाचला आणि डोळ्यात पाणीच आलं बघा. आमची आई कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होती, शीर सापडत नव्हती तर सिस्टरनी तिचा हात आपल्या दोन्ही हातात धरून चोळून गरम केला, गप्पा मारत मारत हळूच सुई लावली, स्वतःचा डबा तसाच टेबलावर. आणि वॉर्डातल्या मावशींचं नाव तर कुणीच घेत नाही ओ, दर दोन तासांनी आईची कूस बदलायची हे त्यांनीच आम्हाला शिकवलं, म्हणून पाठीला जखम झाली नाही. डिस्चार्जला पेढे नेले तर सिस्टर म्हणाल्या, आधी मावशींना द्या.