शस्त्रक्रियेनंतर डी-डायमरवर किती विसंबावे?

खोल शिरांतील रक्ताच्या गुठळ्यांवरील एका लेखात डी-डायमर चाचणीला (गुठळी विरघळताना रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यांचे प्रमाण मोजणारी रक्तचाचणी) दिलेले महत्त्व शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत मला पटले नाही. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर जखम भरून येत असताना डी-डायमरचे प्रमाण एरवीही वाढलेलेच असते, त्यामुळे ते जास्त आले म्हणून गुठळी आहेच, असे म्हणता येत नाही. खरा आधार डॉपलर सोनोग्राफीचा आहे. प्रोबने दाबल्यावर निरोगी शीर पूर्ण मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. पोटरीतील लहान गुठळी मात्र पहिल्या तपासणीत निसटू शकते, म्हणून शंका उरल्यास साधारण आठवड्याने तपासणी पुन्हा करतात. दोन्ही पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटरहून अधिक फरक असणे (शिंप्याची टेपसुद्धा पुरते) हे वेल्स गुणपद्धतीतील (लक्षणांना गुण देऊन गुठळीची शक्यता ठरवण्याची पद्धत) लक्षण त्या लेखात यायला हवे होते, कारण अनेक गुठळ्या रुग्ण घरी परतल्यावरच लक्षात येतात.